मांजराची मुकी बोली

मांजर घुरघुरतंय म्हणजे ते खुशीत आहे, असं मी वर्षानुवर्षं समजत होतो. एकदा आमची म्हातारी मनी दोन दिवस कपाटाखाली अंग आखडून बसली. दुधाला तोंड लावेना. पण हात फिरवला की घुरघुरायची. रुसली असेल, म्हणून मी निर्धास्त राहिलो. अम्मी म्हणाली, “अरे, तिचे कान बघ, डोळे बघ. तिला दुखतंय.” जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मांजर वेदनेतही घुरघुरतं.

तेव्हापासून मी एकाच खुणेवर विसंबत नाही. शेपटी ताठ उभी करून मांजर जवळ आलं, तर ते आपली विचारपूस करतंय असं समजावं. शेपटी जोरजोरात आपटू लागलं, तर हात मागे घ्यावा. कुत्र्याच्या शेपटीचा अर्थ इथं चालत नाही. कान मागे वळून डोक्याला चिकटले, तर भीती किंवा राग. उताणं होऊन पोट दाखवणं हा बहुधा विश्वास असतो, पोटाला हात लावायची परवानगी नव्हे.

आपण डोळे बारीक करून सावकाश मिटले, तर मांजरही बरेचदा तसंच उत्तर देतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं.

मनी त्या दुखण्यातून उठली आणि पुढं वर्षभर जगली. म्हणून एवढंच सांगतो : खाणं सोडून अंधारा कोपरा धरलेलं मांजर रुसलेलं नसतं. ते घुरघुरत असलं, तरी त्याला डॉक्टरांकडे न्या.