आतड्याला चालना देणारे सेरोटोनिन

अन्न आतड्यातून पुढे सरकवण्यासाठी मेंदूच्या हुकमाची गरज लागत नाही. आतड्याच्या भिंतीतच चेतापेशींची दोन जाळी असतात: एक स्नायूंच्या दोन थरांमध्ये, दुसरे आतल्या अस्तराखाली. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत आतड्याकडे येणाऱ्या बाहेरच्या नसा तोडल्या. तरीही आतडे ताणताच त्या जागेच्या वरचा भाग आवळला आणि खालचा सैलावला.

या हालचालीला चालना देण्यात सेरोटोनिन या रसायनाचा मोठा वाटा आहे. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते. त्यातले बहुतेक अस्तरातल्या एंटेरोक्रोमॅफिन पेशी बनवतात. इटलीच्या व्हित्तोरियो एर्स्पामेर यांनी १९३०च्या दशकात या पेशींतून ते मिळवले आणि त्याला 'एंटेरामिन' म्हटले. अमेरिकेत १९४८ मध्ये रक्तातून वेगळे काढलेले सेरोटोनिन तेच असल्याचे १९५२ मध्ये स्पष्ट झाले.

अन्नाचा दाब पडला की या पेशी सेरोटोनिन सोडतात. जवळच्या संवेदी चेतापेशींच्या टोकांवरील ग्राहींना ते चिकटते आणि संदेश जाळ्यात शिरतो. घासाच्या मागच्या बाजूला चेतापेशी अ‍ॅसिटिलकोलीन सोडून स्नायू आवळतात. पुढच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइडमुळे स्नायू सैल पडतात. घास पुढे जातो. काम झाल्यावर अस्तराच्या पेशी सेरोटोनिन परत शोषून घेतात, म्हणून संदेश वेळेवर थांबतो.

आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत पोहोचत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवतो. मात्र आतड्याची खबर व्हेगस नसेमार्फत मेंदूपर्यंत जाते. केमोथेरपीच्या काही औषधांनी एंटेरोक्रोमॅफिन पेशींतून एकदम बरेच सेरोटोनिन बाहेर पडते, व्हेगसची टोके चेतवली जातात आणि उलट्या होतात. ऑन्डॅनसेट्रॉन हे औषध तिथले ग्राही अडवते, त्यामुळे रुग्णाला आराम पडतो.

इतर औषधांचेही असेच आहे. मॉर्फीन आतड्यातल्या चेतापेशींना अ‍ॅसिटिलकोलीन सोडू देत नाही, म्हणून बद्धकोष्ठ होतो. नैराश्यावरची काही औषधे सेरोटोनिन परत शोषले जाणे रोखतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळ किंवा जुलाब होण्याचे हे एक कारण आहे. हा त्रास म्हणजे रोग्याच्या मनाचे खेळ नव्हेत. औषध स्वतःहून बंद न करता तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. मात्रा किंवा औषध बदलून त्यावर बहुधा उपाय करता येतो.