फोन कुणाच्या हातात?

माझी भाची स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी तिचा लहानसा दवाखाना आहे. खाडीपलीकडच्या बायकांना तिथं यायचं म्हणजे आधी होडी, मग एस.टी., आणि दिवसभराची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून तिनं फोनवरून सल्ला देणं सुरू करायचं ठरवलं. "मामू, सोप्या मराठीत पत्रक लिहून द्या," म्हणाली. कवीला घरात अशीच कामं मिळतात!

पत्रकासाठी मी नियम वाचले. 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारनं याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरला फोनवरून, व्हिडिओवरून किंवा लेखी संदेशातून सल्ला देता येतो. दोघांनी एकमेकांना ओळख द्यायची, डॉक्टरनं नोंद ठेवायची, आणि फोनवर भागणार नाही असं वाटलं तर रुग्णाला समोर बोलवायचं.

सामान फारसं लागलं नाही. वेगळा फोन, एक वही आणि दुपारी दोन ते चार ही वेळ. रक्ताचा रिपोर्ट समजावणं, लोहाच्या गोळ्या सोसतात का हे विचारणं, पाळीच्या तक्रारीची पहिली चौकशी, एवढं फोनवर होतं. पोटावर हात ठेवून बाळाची वाढ पाहणं मात्र होत नाही. रक्तदाबही कुणीतरी मोजून सांगावा लागतो.

दुपारी फोन येईनात. कारण साधं होतं, घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशातून कामावर जायचा. वेळ संध्याकाळची केली, तर सारं घर भोवती बसलेलं. आठव्या महिन्यातल्या एका बाईला डोकेदुखीबद्दल विचारलं. उत्तर नवऱ्यानं दिलं, "काही त्रास नाही." दुसऱ्या दिवशी ती सुजलेल्या चेहऱ्यानं दवाखान्यात आली. डोकं दोन दिवस दुखत होतं. रक्तदाब 160/110. गरोदरपणात 140/90 झाला तरी धोक्याची घंटा समजतात. तिला तातडीनं मोठ्या रुग्णालयात हलवलं. आई आणि बाळ दोघं वाचली, पण भाची त्या रात्री जेवली नाही.

आता बुधवारी आशाताई आपला फोन घेऊन अंगणवाडीत बसतात. आधी रक्तदाब मोजतात, आकडा कळवतात आणि फोन बाईच्या हाती देऊन स्वतः ओट्यावर जातात. भाचीचा पहिला प्रश्न असतो, "जवळ कोण आहे?" कुणी असेल तर पुढचे प्रश्न 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागेल असेच. रिपोर्ट कुणाच्या फोनवर पाठवायचा, हेही ती बाईलाच विचारते.

पत्रक मी पुन्हा लिहिलं. रक्तस्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर फोनची वाट न पाहता निघा, हे सगळ्यात वर, ठळक अक्षरांत घातलं. पहिल्या खेपेला ते तळाशी, बारीक टायपात होतं. जागा मीच निवडली होती.