कीचकाचे डाव आणि कीचकाचा स्वभाव

लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये खलनायकाला ठरावीक डाव दिलेले असतात. ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) मधील गणवेशधारी हुकूमशहा दुरून अस्त्र फेकत नाही, स्वतःचा देहच प्रतिस्पर्ध्यावर लोटतो. डावांतून स्वभाव प्रकट व्हावा ही अपेक्षा मात्र जुनी आहे.

विराटपर्वातील कीचक सेनापती आहे; तरीही त्याचे शस्त्र कथेत निर्णायक ठरत नाही. भर सभेत तो सैरंध्री झालेल्या द्रौपदीचे केस धरतो, तिला लाथ मारतो. नर्तनशाळेत तो भीमाशी बाहुयुद्ध करतो आणि गुडघ्यांच्या आघाताने त्याला क्षणभर खालीही पाडतो. हवे ते हाताने ओढून घेणे हा त्याचा स्वभाव, आणि डावही त्याच जातीचे.

कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकात ही संगती गुंतागुंतीची होते. कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत भारतभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पाहिले गेले. परंतु कलकत्त्यात एस्प्लनेडलगतच्या गव्हर्न्मेंट हाउसमधून राज्य करणाऱ्या कर्झनची हत्यारे कागदी होती: कायदा, फर्मान, १९०५ची बंगालची फाळणी. मग कीचकाचे डाव त्याला शोभतात काय?

वरवर पाहता रूपक येथे ढिले पडते. वस्तुतः नाटकाचे बळ याच विसंगतीत आहे. कागदावरचा अन्याय रंगमंचावर देहाची विटंबना होऊन येतो. अशा विटंबनेला अर्जविनंत्यांचे उत्तर अपुरे ठरते आणि भीमाचा डाव न्याय्य वाटू लागतो. १९१० साली सरकारने नाटकावर घातलेल्या बंदीचा अर्थ या रूपांतराच्या सामर्थ्यातूनच उलगडतो.