जुन्या एंजिनाची तेलगळती

शहापुराहून डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालवाहू पिक-अप गाडी हें नित्याचें दृश्य आहे. भाजीपाला, भात, खताचीं पोतीं, घरबांधणीचें सामान, सारें तिच्याच पाठीवर चढतें. त्यांत दोन-अडीच लाख किलोमीटर धांवलेली, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातीं आलेली गाडी आढळली तर नवल नाहीं. अशी गाडी सकाळीं जागेवरून हलली कीं तिच्याखालीं जमिनीवर एक काळा डाग दिसतो. मालक म्हणतो, "म्हातारी झाली, थोडें गळणारच!" या म्हणण्यांत निम्में सत्य आहे, उरलेलें निम्में मात्र पुष्कळदां फार महाग पडतें.

डाग लहान दिसतो, म्हणून प्रथम त्याचा हिशेब पहावा. तेलाच्या सुमारें वीस थेंबांचा एक घन सेंटिमीटर होतो. दर दहा सेकंदांस एक थेंब गळला, तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ घन सेंटिमीटर तेल जातें. गाडी दिवसाकांठीं सहा तास चालली तर १०८, आणि दहा दिवसांत लिटरभराहून थोडें अधिक. अशा एंजिनांत सामान्यतः पांच-सहा लिटर तेल मावतें, आणि डिपस्टिकवरील वरच्या व खालच्या खुणेंतील अंतर बहुधा लिटरभराचेंच असतें. दहा दिवस डिपस्टिक न पाहणारा मालक अशा रीतीनें नकळत धोक्याच्या रेषेशीं येऊन पोंचतो.

हा धोका सपाट रस्त्यापेक्षां चढावर अधिक. या भागांतून नाशकाकडे जावयाचें तर कसारा घाट आणि जुन्नराकडे जावयाचें तर मुरबाडावरून माळशेज घाट चढावा लागतो. चढावर तळाचें तेल एका बाजूस सरतें. तें आधींच कमी असेल तर पंपाच्या तोंडाशीं तेलाऐवजीं हवा येते. क्रँक व त्याचें बेअरिंग यांमधील फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते, आणि तेवढ्या फटींत तेलाचा जो पातळ पडदा असतो त्यावरच सारा भार तोललेला असतो. हा पडदा फाटला कीं धातू धातूवर घांसतो, व थोडक्याच वेळांत एंजिन जाम होतें. ज्या घराचें पोट त्या एका गाडीवर चालतें, त्या घराला हा आघात सोसणें कठीण!

तेल आंत कोंडून ठेवण्याच्या युक्त्या मुख्यतः दोन. जेथें दोन स्थिर भाग एकमेकांवर बसतात, तेथें मध्यें पॅकिंग घालतात. वरचें टॅपेट कव्हर आणि तळाचें चेंबर हीं त्याचीं उदाहरणें होत. जेथें फिरणारा दांडा बाहेर येतो, तेथें रबरी ओठाचें ऑइल सील असतें. क्रँकच्या पुढच्या टोकास एक व मागच्या टोकास एक. वर्षानुवर्षें उष्णता सोसून रबर कडक होतें, पॅकिंग चेपतें, आणि वाट मोकळी होते. म्हातारपणाचा दोष तो एवढाच.

परंतु या वाटेनें तेलास बाहेर ढकलणारें आणखी एक कारण आहे, व त्याकडेच सहसा दुर्लक्ष होतें. पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणजे ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या बाजूनें निसटून खालीं उतरतो. तो बाहेर पडावा म्हणून एंजिनास ब्रीदर नांवाची श्वासनळी असते. ती काजळीनें व चिकट्यानें तुंबली तर आंतला दाब वाढतो, आणि जो सांधा सर्वांत दुबळा असेल तेथून तेल बाहेर पडतें. अशा वेळीं सील नवें घातलें तरी कांहीं दिवसांत तेंही ओलें होतें, आणि दोष बिचाऱ्या मिस्त्रीच्या माथीं बसतो. यास्तव प्रथम ब्रीदर व त्याची नळी धुवून स्वच्छ करावी. मग एंजिन मंद चालू ठेवून तेल भरण्याचें झांकण सावधपणें उघडावें. थोडी वाफ दिसणें स्वाभाविक आहे. पण नळी स्वच्छ असूनही धुराचे जोरदार फुत्कार येत असतील, तर खरा रोग रिंगांत आहे असें समजावें.

दुसरें काम गळतीचें उगमस्थान शोधण्याचें. थेंब जेथें पडतो तेथें गळती असतेच असें नाहीं. वरच्या कव्हरांतून निघालेलें तेल ओघळत खालीं येतें, आणि पंख्याच्या व धांवेच्या वाऱ्यानें मागें सरकतें. मग चेंबर किंवा मागचें सील गुन्हेगार ठरतें. म्हणून एंजिन थंड असतांना ब्रशानें व राकेलानें धुवावें, कोरडें करावें, संशयित सांध्यांवर खडूची भुकटी शिंपडावी, आणि गाडी वीस-पंचवीस मिनिटें चालवून पुन्हां पहावें. जेथें भुकटी प्रथम ओली झाली, तें उगमस्थान. सामान्य नियम असा कीं सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला भाग खरा मानावा. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. भक्कम आधार दिल्यावांचून तें काम जिवावर बेतणारें आहे.

उगम सांपडला म्हणजे उपाय स्वस्तापासून आरंभावे. तेल काढण्याच्या बोल्टाखालील वॉशर, तेलाच्या फिल्टरची रबरी कडी, तेलदाबाचा स्विच, हे भाग थोडक्या खर्चांत बदलतां येतात. टॅपेट कव्हर गळत असेल तर बोल्ट अधिकाधिक आवळण्याचा मोह टाळावा. जोरानें आवळल्यास कव्हराचा पत्रा भोंकांभोंवतीं वांकतो आणि मधली फट वाढते. कव्हर काढून कांठ सपाट करावा, जुन्या पॅकिंगचे अवशेष खरवडून काढावे, आणि नवें पॅकिंग घालून बोल्ट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे, आळीपाळीनें आवळावे. सीलंटची रेघ बारीक असावी; जादा लगदा आंत सुटून पंपाच्या जाळीस अडकतो.

क्रँकच्या पुढच्या सीलाजवळ दांड्यावर जुन्या ओठानें खांच पाडलेली असते. नवें सील त्याच खांचेवर बसलें तर गळती कायमच. कुशल मिस्त्री तें किंचित् पुढें-मागें बसवितो, किंवा दांड्यावर पातळ बाही चढवितो. मागच्या सीलास गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी तेथेंच खर्ची पडते, म्हणून क्लच-प्लेट झिजली असल्यास ती त्याच वेळीं बदलणें शहाणपणाचें. गळती थांबविणारीं औषधें तेलांत मिसळून रबर काहींसें फुगतें व थोडे दिवस निभावतें. पण फाटलेलें सील किंवा वांकलेला पत्रा त्यानें बरा होत नाहीं.

या प्रश्नाचा शहरांतल्या घरांशींही संबंध आहे. तानसा आणि भातसा हे मुंबईस पाणी पुरविणारे जलाशय याच शहापूर तालुक्यांत आहेत. पावसाळ्यांत रस्त्यावरचें तेल ओढ्यांत वाहतें, व ओढे कोठें तरी जाऊन मिळतातच. भारतांत वापरलेलें तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक टाकाऊ पदार्थांत मोडतें. म्हणून काढलेलें तेल डब्यांत सांठवून तें पुनर्वापरासाठीं घेणाऱ्यांकडे द्यावें. जमिनीवर ओतूं नये.

एखादा थेंब सोसून गाडी पुढें वर्षें चालेल, आणि रिंगा झिजलेल्या एंजिनास सर्वस्वीं कोरडें करण्याचा अट्टाहास कदाचित् परवडणारही नाहीं. परंतु किती गळतें हें मोजणें, कोठून गळतें हें पाहणें, आणि डिपस्टिक रोज सकाळीं गाडी हलण्यापूर्वीं एकदां पुसून पाहणें, एवढें कोणत्याही मालकास शक्य आहे. जुन्या यंत्राला नवें करतां येत नाहीं. त्याला तहानलेलें न ठेवणें मात्र मालकाच्या हातीं आहे.