शेपटीतली शिदोरी

लेपर्ड गेको पाळणारे त्याच्या पोटाकडे पाहतात. खरं तर पाहावं शेपटीकडे. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या रखरखीत, खडकाळ भागातली ही पाल टंचाईच्या दिवसांसाठी चरबी शेपटीत साठवते. शेपटी साधारण मानेइतकी जाड असली की प्रकृती ठीक. ती काडीसारखी झाली, कमरेची हाडं दिसू लागली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेला पशुवैद्य लगेच गाठावा. पोटात जंतही असू शकतात. शेपटी फारच गुबगुबीत झाली तर खाण्यातल्या चरबीयुक्त मेणअळ्या आधी बंद कराव्यात.

दर पंधरवड्याला वजन करून वहीत टिपावं. काटा वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातला नको. साल्मोनेलाचा धोका असतो. प्रौढ गेको बहुधा ४५ ते ८० ग्रॅमचा. एवढ्याशा जिवाला पाच ग्रॅमची घटही भारी पडते.