साखरेचे खातेपुस्तक

लखनौच्या उत्तर भागात, सीतापूर मार्गाच्या बाजूस जानकीपुरम ही विस्तीर्ण वसाहत आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचा आजचा परिसर याच भागातील जानकीपुरम विस्तारात आहे. बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून अशा वसाहतीत येणाऱ्या कुटुंबाच्या सामानात अनेकदा एक जाडजूड फाइल असते. घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांच्या तपासण्यांची. बांधाबांधीत नेमकी तीच हरवली, तर नव्या डॉक्टरांसमोर अनेक वर्षांचा आजार कोऱ्या पानापासून सुरू होतो.

हे नुकसान केवळ कागदाचे नसते. एका दिवसाची शिल्लक पाहून खात्याचा व्यवहार कळत नाही, त्यासाठी उतारा लागतो. मधुमेहाचेही तसेच आहे. उपाशीपोटीची साखर ही त्या सकाळची शिल्लक होय. एचबीएवनसी ही चाचणी मागील सुमारे तीन महिन्यांचा कल सांगते, कारण रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते. मूत्रपिंडाची हानी तर वर्षानुवर्षांच्या नोंदी शेजारी मांडल्यावरच ध्यानात येते. समजा, क्रिएटिनिन तीन वर्षांत ०.८, १.० आणि १.२ असे आले. सुटा पाहिल्यास प्रत्येक अहवाल बहुधा मर्यादेतच ठरेल. एकत्र पाहिल्यास दीडपट वाढ दिसेल.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. उत्तर प्रदेशात हे प्रमाण ४.८ टक्के असले, तरी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १८ टक्के आहेत. नोंदी जपण्याची गरज वाढणार, हे उघड आहे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. या योजनेत अहवाल ज्या रुग्णालयात तयार होतो तेथेच राहतो. रुग्ण तो आपल्या क्रमांकाशी जोडतो आणि कोणत्या डॉक्टरांना, कोणत्या नोंदी, किती काळ दाखवायच्या हे संमतीने ठरवतो. दिलेली संमती मागेही घेता येते. जुन्या कागदांची छायाचित्रे ॲपमध्ये जपून ठेवता येतात.

तथापि, खातेपुस्तक आपोआप भरत नाही. या व्यवस्थेशी न जोडलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल रुग्णालाच चढवावा लागतो. घरी मोजलेली साखर तारीख-वेळेसह स्वतः लिहावी लागते. साखर ७० च्या खाली गेल्यास पोर्टलवर निरोप पाठवून उत्तराची वाट पाहू नये. रुग्ण शुद्धीवर असल्यास तत्काळ साखर द्यावी, शुद्ध हरपत असल्यास तोंडावाटे काहीही न देता रुग्णालय गाठावे.

ग्राहकांना परिचित असलेला एक नियम येथेही लागू आहे. पासवर्ड व ओटीपी कोणालाही सांगू नये. वडिलांचा फोन मुलगा हाताळत असला, तरी संमती वडिलांचीच असावी.

बदलीचा आदेश येण्याची वाट न पाहता एका रविवारी ती जुनी फाइल उघडावी आणि अहवाल तारखेनुसार लावून त्यांची छायाचित्रे जपावीत. पुढील गावातील डॉक्टरांना मागील बाकी तरी समजेल.