हळदीचे बेणे काचेच्या बाटलीत

सोलापूर - बाळ्याच्या खंडोबाला उधळला जाणारा भंडारा असो, की करमाळा तालुक्यातील केमचे कुंकू. सोलापूरकरांचे हळदीशी नाते जुने आहे. मात्र हळद, आले, आंबेहळद, कचोरा आणि परसातला सुगंधी सोनटक्का ही सारी एकाच कुळातील मंडळी असल्याचे सहसा ध्यानात येत नाही.

या कुळातील बहुतेक वनस्पतींची लागवड बियांपासून नव्हे, तर कंदापासून होते. हळदीसाठी हेक्टरी सुमारे २५ क्विंटल बेणे लागते. म्हणजे पिकाचा मोठा हिस्सा विकण्याऐवजी पुन्हा मातीत घालायचा! शिवाय कंदकुजीची बुरशी बेण्यासोबतच नव्या शेतात शिरते. नऊ महिन्यांच्या या पिकाचे एखादे चांगले वाण हाती लागले, तरी त्याचे पुरेसे बेणे तयार होण्यास अनेक वर्षे जातात.

यावर ऊतिसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर, हा उपाय महाराष्ट्रातच फार पूर्वी शोधला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रजनी नाडगौडा व सहकाऱ्यांनी हळदीची रोपे या पद्धतीने झपाट्याने वाढविण्याचे तंत्र १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. (याच प्रयोगशाळेने १९९० मध्ये बांबूला बाटलीत फुले आणून जगाला चकित केले होते.)

कंदाचा फुटू लागलेला डोळा कापून, निर्जंतुक करून, साखर, क्षार व संप्रेरके असलेल्या माध्यमावर ठेवतात. सुमारे २५ अंश तापमानात, कृत्रिम प्रकाशात एका डोळ्याला अनेक फुटवे येतात. ते वेगळे करून दर चार-सहा आठवड्यांनी नव्या बाटलीत हलवायचे. मुळे फुटण्यास या वनस्पती फारशा कुरकुरत नाहीत. खरी कसोटी आरंभीच असते. कंद मातीत वाढलेला असल्याने त्याच्या आत-बाहेर जंतू दडलेले असतात आणि एका जंतूपायी सारी बाटली नासते.

केळी आणि डाळिंबाची अशी रोपे सोलापूरच्या शेतकऱ्याला नवी नाहीत. मग हळदीचीच का दिसत नाहीत? केळीचे रोप पहिल्याच पिकात घड देते. हळदीच्या वा आल्याच्या रोपाला पहिल्या वर्षी बारीक कंद धरतात. ते बाजारात विकण्याजोगे नसतात. बेणे म्हणून पुन्हा लावल्यावरच पुढे पूर्ण वाढीचे गड्डे मिळतात. साऱ्या शेतात रोपेच लावणे त्यामुळे परवडत नाही. रोगमुक्त मूळ बेणे तयार करण्यापुरती ती वापरणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

शोभेच्या वनस्पतींचे गणित निराळे. तेथे कंदाच्या वजनाला नव्हे, फुलाला आणि एकसारख्या रोपांना मोल असते. थायलंडने गुलाबी फुलांच्या हळदीचा निर्यातव्यापार उभा केला आहे. सह्याद्रीच्या पठारांवरील चवरसारख्या दुर्मीळ कंदांसाठीही ही वाट मोलाची, कारण रोपांसाठी ते रानातून उपटावे लागणार नाहीत.

सोलापूरच्या उन्हात मात्र बाटलीतून काढलेले कोवळे रोप थेट लावून चालत नाही. काही आठवडे दमट हरितगृहात आणि नंतर शेडनेटखाली ते सरावावे लागते. रोप घेताना मातृकंदाची रोगचाचणी झाली होती का, हे जरूर विचारावे. बाटलीत वाढलेले रोप रोगमुक्त असू शकते, रोगप्रतिकारक नव्हे. शेतातच कंदकुजीची बुरशी असेल आणि पाण्याचा निचरा होत नसेल, तर तेही कुजते.